तीस दिवस, तेरा भाग

दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांची ‘लॅझरस’ ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली आणि जूनअखेर संपली. तेरा भाग. ॲनिमेशन मापा स्टुडिओचे. प्रक्षेपण अमेरिकेत ॲडल्ट स्विमवर, जपानमध्ये टीव्ही टोकियोवर. मारामारीची आखणी चॅड स्टाहेल्स्की यांची, म्हणजे ‘जॉन विक’च्या दिग्दर्शकाची. संगीत कमासी वॉशिंग्टन, बोनोबो आणि फ्लोटिंग पॉइंट्स यांचे. एवढी नावे एका पोस्टरवर आली की मालिका दिसण्याआधीच तिच्याविषयीचे मत अर्धेअधिक तयार होते. पहिल्या भागाचे भरभरून कौतुक झाले. पुढच्या महिन्याभरात सूर खाली आला, आणि शेवटी बऱ्याच समीक्षांचा आशय एकच उरला: दिसायला देखणी, ऐकायला त्याहून देखणी, पण कथा विरळ आणि माणसे पातळ. हा निकाल मला निम्माच मान्य आहे. मालिकेत चूक आहे, मोठी आहे, पण ती जिथे दाखवली गेली तिथे नाही असे माझे मत आहे.

कथेचा पाया आधी सांगतो. शेवट फोडत नाही. साल २०५२. डॉ. स्किनर या नोबेलविजेत्या मेंदूशास्त्रज्ञाने हापना नावाचे वेदनाशामक शोधून काढले आहे. दुष्परिणाम शून्य, जगभर खप. स्किनर अचानक गायब होतो आणि तीन वर्षांनी पडद्यावर येऊन जाहीर करतो की हापना घेतलेला माणूस तीन वर्षांनी मरतो. पहिल्या मृत्यूंना तीस दिवस उरले आहेत. औषधावरचा उतारा फक्त त्याच्याकडे आहे. जगायचे असेल तर मला शोधा. शोधासाठी पाच जणांचे गुप्त पथक उभे राहते: ॲक्सेल, डग, ख्रिस, लेलँड आणि एलिना. त्यांच्यावर हर्श नावाची बाई. ॲक्सेल हा ८८८ वर्षांची शिक्षा झालेला कैदी, पार्कोरमध्ये पटाईत, भिंतीवरून धावणारा आणि छपरांवरून उड्या मारणारा.

आता हिशेब मांडू. तीस दिवसांना तेराने भागले तर एका भागाच्या वाट्याला सव्वादोन दिवसांहून थोडे जास्त येतात. सुरुवातीची आणि शेवटची गाणी वगळली तर भाग साधारण बावीस मिनिटांचा, म्हणजे सगळी मालिका पाच तासांच्या आत आटोपते. या पाच तासांत एक जागतिक संकट, पाच नायक, त्यांची वरिष्ठ, एक फरार शास्त्रज्ञ, दुसऱ्या अर्ध्यात येणारा एक मारेकरी आणि सरकारी कटकारस्थान, एवढे सगळे बसवायचे आहे. वातानाबे यांनी निवडलेला मार्ग त्यांच्या जुन्या सवयीचा आहे: दर भागात नवा धागा, नवी जागा, नवा पाहुणा, आणि भाग संपताना तो धागा तुटलेला.

वातानाबे यांच्याच १९९८ च्या ‘काउबॉय बीबॉप’ या मालिकेत हीच रचना सोन्यासारखी चालली होती. तिथे २६ भाग होते, म्हणजे दुप्पट जागा. पण जागेपेक्षा महत्त्वाचे म्हणजे तिथे कोणाला घाई नव्हती. स्पाइक आणि जेट हे पोटासाठी गुन्हेगार पकडणारे लोक. आज बक्षीस हुकले तर उद्या दुसरे. फार तर जेवणात मांस नसेल. रिकाम्या हाताने परतणे हाच त्या मालिकेचा स्थायीभाव होता, त्यामुळे प्रत्येक फसलेली मोहीम त्या जगाला अधिक खरे करत गेली. कीर्तनकार पूर्वरंगात कितीही दूर फिरून आला तरी श्रोते धीर धरतात, कारण आख्यान पुढे आहे हे त्यांना ठाऊक असते. ‘लॅझरस’ आख्यानातला सर्वांत चढा प्रसंग आधी सांगते, घड्याळ लावते आणि मग पूर्वरंगाला बसते. प्रेक्षक अस्वस्थ होणारच.

बहुतेक समीक्षकांनी या अस्वस्थतेला ‘मालिका संथ आहे’ असे नाव दिले. मला ते निदान चुकीचे वाटते. शोधाचे धागे तुटणे हा या कथेचा मुद्दामच घेतलेला आकार आहे. स्किनर ज्या ज्या ठिकाणी राहून गेला ती ठिकाणे पाहा: बेघरांची वस्ती आहे, एलिनाच्या भूतकाळाशी जोडलेला एक पंथ आहे. पथक तिथे पोहोचते तेव्हा स्किनर सापडत नाही. त्याने काय पाहिले ते सापडते. शोध म्हणजे त्याच्या रागाची कारणे एकेक करून वाचणे. हे कळले की तुटलेले धागे निरर्थक वाटत नाहीत.

मग चूक कुठे आहे? मरणार असलेले लोक दिसत नाहीत, इथे. जगातल्या बहुतांश माणसांना मृत्यूची तारीख मिळाली आहे. त्यांनी नोकऱ्या सोडल्या का? शाळा भरतात का? ज्याने हापना घेतलेच नाही त्याच्याकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतात? लग्ने पुढे ढकलली गेली की घाईने उरकली गेली? मालिकेत बातम्या आहेत, अधूनमधून दंगलीचे दृश्य आहे, पात्रांची निवेदने आहेत. पण बॅबिलोनिया सिटी नावाचे ते शहर विसाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखेच चालते: बार उघडे, क्लब भरलेले, वाहतूक सुरळीत. पथकातली माणसे स्वतः मरणाच्या यादीत आहेत याची जाणीवही त्यांच्या बोलण्यात फार थोडा वेळ टिकते. प्रत्येक भागात केवळ दीड मिनिट अनोळखी माणसांना दिले असते, दिवस मोजत बसलेल्या एखाद्या घराला, औषधाच्या बंद दुकानाला, तरी तेरा भागांत वीस मिनिटांच्या आसपास साहित्य जमले असते आणि त्या घड्याळाला वजन आले असते. पात्रे पातळ वाटतात त्याचेही कारण बरेचसे हेच आहे. भीतीच नसलेल्या माणसाचे धैर्य कसे दिसणार?

ही उणीव जास्त खुपते, कारण विषय अस्सल आहे. वातानाबे यांनी मुलाखतींत अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाचा, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामकांच्या व्यसनाच्या साथीचा, उल्लेख केला आहे. ऑक्सीकॉन्टिन हे औषध १९९६ साली बाजारात आले, व्यसनाचा धोका कमी असल्याच्या दाव्यासह खपवले गेले, आणि २००७ मध्ये पर्ड्यू या उत्पादक कंपनीशी संलग्न कंपनीने दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. डॉक्टरने लिहून दिलेली, दुकानात राजरोस मिळणारी, दुखणे थांबवणारी गोळी हीच मारेकरी निघणे, हे भविष्यातले काल्पनिक संकट नाही. वेदना नको असणे हा गुन्हा आहे का, हा स्किनरचा खरा प्रश्न. मालिका तो विचारते आणि पुढच्याच दृश्यात पाठलागाला निघून जाते.

पाठलाग मात्र पाहण्यासारखे आहेत, आणि इथे समीक्षकांनी कौतुक केले तरी नेमके कशाचे केले हे क्वचितच सांगितले. ते उलगडून पाहायला हवे.

स्टाहेल्स्की ‘द मॅट्रिक्स’मध्ये कियानू रीव्हजचे स्टंट डबल होते. त्याच चित्रपटाच्या जगातल्या ‘द ॲनिमॅट्रिक्स’ या २००३ च्या संग्रहातले दोन लघुपट वातानाबे यांनी दिग्दर्शित केले होते. म्हणजे दोघांच्या वाटा एकदा एकमेकींच्या जवळून गेल्या होत्या. ‘लॅझरस’साठी स्टाहेल्स्की यांच्या एटी-सेव्हन-इलेव्हन या चमूने हाणामारीचे प्रसंग रचले, स्टंट कलाकारांकडून करवून घेतले, आणि ते चित्रण ॲनिमेटरांसाठी संदर्भ झाले. त्यांच्या चित्रपटांची खूण सर्वांना माहीत आहे: कॅमेरा मागे, पूर्ण शरीर चौकटीत, कट कमी, शॉट लांब. खऱ्या माणसांच्या चित्रपटात या पद्धतीला एक साधा अर्थ असतो. कट नाही म्हणजे फसवणूक नाही. हे त्या माणसाने खरोखर केले.

ॲनिमेशनमध्ये हा पुरावा निकामी होतो. सगळेच रेखाटलेले आहे, तेव्हा कोण काय सिद्ध करणार? तिथे लांब शॉट फक्त खर्च वाढवतो. हिशेब असा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. जपानी टीव्ही ॲनिमेशनमध्ये एक रेखाटन सहसा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. दोन फ्रेम धरले तर बारा, प्रत्येक फ्रेमला नवे चित्र काढले तर चोवीस. चार सेकंदांचा एक शॉट म्हणजे ३२, ४८ किंवा ९६ चित्रे, तीही एका पात्राची. दोन माणसे भिडली की दुप्पट. कॅमेरा पात्रामागे धावू लागला की आणखी एक पेच येतो: पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि पात्र मात्र दोन फ्रेमला एकदा बदलते, त्यामुळे पात्र जागच्या जागी थरथरल्यासारखे दिसते. ते टाळायचे तर पात्रही चोवीस चित्रांनी काढावे लागते, किंवा कॅमेरा स्थिर ठेवावा लागतो. धावत्या कॅमेऱ्यासाठी इमारतींचे त्रिमितीय मॉडेल वापरले तर रेखाटनाचा त्रास वाचतो, पण हाताने काढलेले पाय त्या संगणकी जमिनीवर घसरू लागतात. पार्कोरमध्ये तर सगळी गंमत पायाच्या टेकण्यातच असते.

संदर्भ-चित्रणाचा मोह आणखी वेगळ्या तऱ्हेने घात करतो. माणसाची हालचाल फ्रेममागून फ्रेम जशीच्या तशी उतरवली की ती तरंगते. डोळ्याला वजन जाणवते ते वेगातल्या फरकामुळे. जपानी ॲनिमेटर दोन शब्द सतत वापरतात. तामे म्हणजे झेप घेण्याआधी शरीर आखडून क्षणभर थांबणे. त्सुमे म्हणजे हालचालीच्या टोकाशी चित्रे दाट लावून तिला आवळणे. खरा माणूस ठोसा मारताना जेवढा थांबतो त्यापेक्षा चित्रातल्या माणसाने जास्त थांबावे लागते, आणि प्रत्यक्ष ठोसा कधी कधी अवघ्या दोन चित्रांत उरकावा लागतो. म्हणून संदर्भातून हालचालींचा क्रम, शरीराचा तोल आणि कोण कोणाचे मनगट कसे पकडतो एवढेच घ्यायचे असते. वेळेचे गणित ॲनिमेटरने नव्याने मांडायचे. ‘लॅझरस’च्या पहिल्या भागात ॲक्सेल तुरुंगातून पळतो आणि मग शहरभर पथक त्याच्या मागे लागते. त्या प्रसंगात हे गणित अचूक जमले आहे. कठड्यावर उतरताना तो गुडघ्यात किती बसतो, एका हाताने लोंबकळताना खांदा किती वर ओढला जातो, हे पाहावे. यूट्यूबवरचा ट्रेलर थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. एका उडीवर दहा मिनिटे घालवली तर ॲनिमेशन ‘छान’ आहे म्हणजे काय, हे एरवीच्या कौतुकापेक्षा पुष्कळ जास्त कळते.

सगळे भाग या दर्जाचे नाहीत. कारण साधारणपणे वेळापत्रकात असते. आधी स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगांचा चित्रमय आराखडा, मग लेआउट म्हणजे प्रत्येक शॉटची मांडणी, मग गेंगा म्हणजे मुख्य रेखाटने, मग ॲनिमेशन दिग्दर्शकाच्या दुरुस्त्या, मग दोगा म्हणजे मधली चित्रे, रंग, पार्श्वभूमी आणि शेवटी सगळ्याचे एकत्रीकरण. लेआउट उशिरा आला की दबाव दुरुस्तीच्या टप्प्यावर येतो. एकाच पात्राचा चेहरा सलग दोन शॉटमध्ये किंचित वेगळा दिसला तर तिथे दुरुस्ती घाईत झाली किंवा राहून गेली असे समजायला हरकत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून अख्ख्या स्टुडिओला झोडपण्याची ऑनलाइन पद्धत मला अन्यायाची वाटते. चेहरा चुकलेल्या शॉटमध्येही हालचाल उत्तम असू शकते, आणि गुळगुळीत चेहऱ्यांची कंटाळवाणी हाणामारी तर नेहमीच दिसते.

बीबॉपशी तुलना अन्यायाची आहे, अशी बाजू मालिकेच्या चाहत्यांनी हिरिरीने मांडली. इथे मी समीक्षकांच्या बाजूचा आहे. ही तुलना मालिकेनेच बोलावून घेतली. जपानी आवृत्तीत डॉ. स्किनरचा आवाज कोइचि यामादेरा यांचा, म्हणजे स्पाइकचा. हर्शचा आवाज मेगुमि हायाशिबारा यांचा, म्हणजे बीबॉपमधल्याच फे या नायिकेचा. जाझ आहे, भागांना गाण्यांवरून घेतलेली नावे आहेत, अंगकाठीने सडपातळ आणि बेफिकीर नायक आहे. शिवाय ॲडल्ट स्विम हा कार्टून नेटवर्कवरचा प्रौढांसाठीचा रात्रीचा विभाग २ सप्टेंबर २००१ ला सुरू झाला तेव्हा त्यावर लागलेली पहिली ॲनिमे बीबॉपच होती. इतक्या खुणा पेरल्यावर प्रेक्षकाने मागे वळून पाहू नये असे म्हणता येत नाही.

पण मागे वळायचेच तर पूर्ण वळावे. एप्रिल १९९८ मध्ये बीबॉप टीव्ही टोकियोवर लागली तेव्हा तिचे सगळे भाग दाखवलेच गेले नाहीत. निवडक भाग दाखवून ती आटोपती घेतली गेली. पूर्ण मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरपासून वावाव या सशुल्क वाहिनीवर दिसली. आज जी अजोड मानली जाते तिचे पहिले स्वागत असे तुकड्या-तुकड्यांत झाले होते. वातानाबे यांच्याच २०१४ च्या ‘झान्क्यो नो तेरोरु’शी, म्हणजे इंग्रजीत ‘टेरर इन रेझोनन्स’ नावाने गाजलेल्या मालिकेशी, ‘लॅझरस’ची तुलना जास्त उपयोगी ठरली असती. तीही मापाची, अकरा भागांची, शहराला ओलीस धरून समाजाला प्रश्न विचारणारी. तिथे संशयितांची दुःखे आपण आतून पाहिली होती, म्हणून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

संगीताबद्दल समीक्षकांत मतभेद फारसे नव्हते, म्हणून थोडक्यात. कमासी वॉशिंग्टन यांचा सॅक्सोफोन मालिकेला उघडतो आणि पाठलागांना छाती देतो. बोनोबोचे तुकडे शांत दृश्यांत जास्त खुलतात. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेपर्ड. त्यांची पीएचडी न्यूरोसायन्समधली आहे. मेंदूशास्त्रज्ञाच्या गुन्ह्याच्या कथेला मेंदूवर संशोधन केलेल्या संगीतकाराचे संगीत लाभावे याचा मला मनापासून आनंद होतो. योको कान्नो यांनी बीबॉपमध्ये एकहाती जे केले ते तिघांत वाटले गेल्याने संगीताचा एक चेहरा तयार होत नाही, ही तक्रार रास्त आहे. सुटे ऐकताना ती जाणवत नाही.

समीक्षा वाचण्याबद्दलही सांगायला हवे, कारण या मालिकेच्या वाट्याला आलेला निकाल काही अंशी मोजणीच्या पद्धतीतून आला आहे. प्रदर्शनापूर्वीच्या समीक्षा सहसा पहिल्या काही भागांवर लिहिल्या जातात. त्यांच्याकडून ॲनिमेशन, संगीत आणि सूर यांचा अंदाज घ्यावा. कथेचा निवाडा त्यांना करता येत नाही. आठवड्यागणिक लिहिणारा समीक्षक सात दिवसांच्या प्रतीक्षेसह भाग पाहतो. मधला निवांत भाग त्याला आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, आणि तोच भाग दोन बैठकांत मालिका संपवणाऱ्याला विसावा वाटतो. अमेरिकेत इंग्रजी डब आधी लागला आणि जपानी आवाज सबटायटलसह तीस दिवसांनी आले, म्हणजे तिथल्या पहिल्या लाटेतल्या बहुतेक मतांना यामादेरा-हायाशिबारा ही जोडी ऐकूच आली नव्हती.

आकड्यांचेही तसेच. मायॲनिमेलिस्ट या संकेतस्थळावर किमान एक पंचमांश भाग पाहिलेल्यांचेच गुण सरासरीत धरले जातात. तेरा भागांचा पाचवा हिस्सा २.६, म्हणजे तीन भाग. तीन भाग पाहून सोडून दिलेल्याचे मत आणि शेवटापर्यंत थांबलेल्याचे मत तिथे एकाच तागडीत पडते. ज्या ठिकाणी प्रत्येक भागाला वेगळे गुण देतात तिथे उलटा परिणाम दिसतो: नाराज लोक मध्येच उठून जातात, उरलेले आवडणारेच असतात, आणि शेवटच्या भागांचे गुण आपोआप चढतात. त्यामुळे मधल्या भागांवरचे लिखित मत शोधावे, आणि लिहिणाऱ्याने कोणत्या भाषेत, किती भाग, किती अंतराने पाहिले हे सांगितले आहे का ते आधी बघावे.

नव्याने पाहणाऱ्याने जपानी आवाजात पाहावी, दोन किंवा तीन बैठकांत. बेघरांच्या वस्तीचा भाग घाईने पुढे ढकलू नये. स्किनर तिथे कसा राहत होता, तिथले लोक त्याच्याविषयी काय बोलतात, त्याने त्यांच्याकडून काय घेतले आणि त्यांना काय दिले, याकडे लक्ष द्यावे. त्याने सगळ्या जगाला ओलीस का धरले याचा सर्वांत प्रामाणिक तपशील तिथे आहे, शेवटच्या भागातल्या खुलाशापेक्षाही.